इंटरफेरॉनच्या इंजेक्शननंतर येणारी थंडी, ताप आणि अंगदुखी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मल्टिपल स्क्लेरॉसिस (मज्जातंतूंवरचं आवरण झिजवणारा आजार), म्हणजेच एमएससाठी इंटरफेरॉन बीटाची इंजेक्शनं सुरू झाली की पहिल्या काही आठवड्यांत साधारण हेच प्रश्न येतात. इथे दिलेले डोस प्रौढांसाठी आहेत. यकृत, मूत्रपिंड किंवा जठराचा आजार असेल, वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर वेदनाशामकाचा डोस आधी आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

१. इंजेक्शन घेतल्यावर फ्लू झाल्यासारखं का वाटतं? मला खरंच संसर्ग झालाय का?

नाही. विषाणू शरीरात शिरला की आपल्या पेशी जी प्रथिनं तयार करतात, त्यांतलंच एक म्हणजे इंटरफेरॉन बीटा. फ्लूमध्ये होणारी अंगदुखी, हुडहुडी आणि ताप यांतला बराचसा भाग विषाणूमुळे नसतो, तो या प्रथिनांनी जागं केलेल्या प्रतिकारशक्तीमुळे असतो. इंजेक्शनमधून तेच प्रथिन बाहेरून मिळतं आणि शरीर तीच प्रतिक्रिया देतं. इंटरल्युकिन-६ सारखे रासायनिक निरोप वाढतात, मेंदूतलं तापमानाचं केंद्र काही तासांसाठी वरच्या अंशावर सरकतं आणि ताप येतो. हा ताप संसर्गाचा नसल्यामुळे घरातल्या कोणालाही तो लागत नाही आणि त्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही.

२. त्रास किती वेळाने सुरू होतो आणि किती वेळ टिकतो?

बहुतेकांना इंजेक्शननंतर २ ते ६ तासांनी कणकण जाणवू लागते. मग थंडी, ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणं, आणि शेवटी घाम फुटून ताप उतरतो. २४ तासांच्या आत हे सगळं निवळायला हवं. या पानावरची जवळजवळ सगळी उत्तरं या वेळापत्रकावर उभी आहेत, म्हणून पहिले दोन महिने एक साधी वही ठेवा. इंजेक्शनची वेळ, गोळीची वेळ, पहिली कणकण, सर्वांत जास्त ताप आणि तो उतरल्याची वेळ अशा पाच नोंदी पुरतात. चार-पाच इंजेक्शनांनंतर तुमच्या शरीराचं स्वतःचं घड्याळ त्या वहीत स्पष्ट दिसतं.

३. हे आयुष्यभर असंच चालणार का?

बहुतेकांच्या बाबतीत नाही. पहिले काही आठवडे सर्वांत जड जातात आणि साधारण तीन महिन्यांत त्रास बराच कमी होतो. काहींना मात्र सौम्य कणकण वर्षानुवर्षं राहते. लहान चणीच्या, कमी वजनाच्या रुग्णांना त्रास जास्त होताना दिसतो. पहिल्या महिन्यात कंटाळून औषध सोडून देणाऱ्यांची आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण ते सोडतात तो काळ नेमका सर्वांत वाईट असतो आणि पुढे मिळणारा आराम त्यांच्या वाट्याला येतच नाही.

४. एमएसच्या प्रत्येक इंजेक्शनने ताप येतो का?

नाही. हा त्रास मुख्यतः इंटरफेरॉन बीटाचा आहे. आठवड्यातून एकदा स्नायूत घ्यायचं अव्होनेक्स, आठवड्यातून तीनदा त्वचेखाली घ्यायचं रेबिफ, दिवसाआड घ्यायचं बीटाफेरॉन आणि दर दोन आठवड्यांनी घ्यायचं प्लेग्रिडी ही सगळी त्याच कुळातली.

ग्लॅटिरामर, म्हणजे कोपॅक्सोन आणि त्यासारखी औषधं, सहसा असा ताप आणत नाहीत. त्यांची प्रतिक्रिया वेगळी असते. इंजेक्शननंतर काही मिनिटांतच चेहरा लाल होतो, छातीत आवळल्यासारखं वाटतं, धडधड होते, धाप लागते आणि बहुधा १५ ते ३० मिनिटांत ते ओसरतं. पण तीव्र ॲलर्जीची सुरुवातही अशीच होऊ शकते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या औषधावर त्याबद्दल सर्वोच्च पातळीचा इशारा छापायला लावला. त्रास वाढत गेला, अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

ओफाटुमुमॅब, म्हणजे केसिम्प्टा, घेणाऱ्यांना ताप-थंडी येते ती मुख्यतः पहिल्या इंजेक्शनला, २४ तासांच्या आत. पुढच्या डोसांना ती बरीच कमी होते.

५. डॉक्टरांनी पूर्ण डोस न देता थोड्या डोसाने सुरुवात केली. याने औषधाचा परिणाम कमी होणार नाही ना?

नाही. शरीराला सवय व्हावी म्हणून मुद्दाम तसं करतात आणि त्रास कमी करण्याचा हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. ठरलेल्या पायऱ्या अशा : अव्होनेक्स ७.५, १५, २२.५ आणि चौथ्या आठवड्यापासून ३० मायक्रोग्रॅम. ४४ चं रेबिफ घ्यायचं असेल तर पहिले दोन आठवडे ८.८, पुढचे दोन आठवडे २२ आणि पाचव्या आठवड्यापासून ४४ मायक्रोग्रॅम. बीटाफेरॉन दर दोन आठवड्यांनी पाव, अर्धी, पाऊण मिली असं चढत सातव्या आठवड्यापासून पूर्ण १ मिली. प्लेग्रिडी पहिल्या दिवशी ६३, पंधराव्या दिवशी ९४ आणि एकोणतिसाव्या दिवसापासून १२५ मायक्रोग्रॅम.

सुरुवातीच्या डोसाची वेगळी पेटी किंवा सिरिंजला लावायचं मोजणीचं साधन मिळालं नाही, तर अंदाजाने औषध सांडून डोस अर्धा करू नका. भरलेल्या सिरिंजमधलं औषध एक मिलीपेक्षाही कमी असतं, एक-दोन थेंबांनी मोठा फरक पडतो. कमी डोस नेमका कसा घ्यायचा ते नर्ससमोर एकदा करून दाखवून पक्कं करा. एखादी पायरी चढल्यावर त्रास फार वाढला, तर त्याच पायरीवर आणखी काही दिवस थांबता येईल का हेही विचारा.

६. पॅरासिटामॉल ताप आल्यावर घ्यायचं की आधीच?

आधीच. ताप चढल्यावर घेतलेली गोळी त्याच्या मागे धावत राहते. इंजेक्शनच्या ३० ते ६० मिनिटं आधी ५०० ते १००० मिलिग्रॅम घ्या.

सर्वांत जास्त चूक होते ती दुसऱ्या गोळीच्या वेळी. समजा, साडेआठला गोळी आणि नऊला इंजेक्शन घेतलंत. पॅरासिटामॉलचा असर साधारण ४ ते ६ तास टिकतो, म्हणजे रात्री एक-दोनच्या सुमारास तो ओसरतो, आणि नेमका तेव्हाच ताप वर चढत असतो. ‘गोळी घेऊनही काही उपयोग झाला नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. म्हणून दुसरी गोळी आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवूनच झोपा. जाग आली आणि पहिल्या गोळीला सहा तास होत आले असतील, तर ती घ्या. गरज वाटली तर सकाळी आणखी एक. गजर लावून उठायची गरज नाही, शांत झोप लागली असेल तर ती मोडू नका.

निरोगी यकृताच्या प्रौढांसाठी २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम ही मर्यादा आहे. इंटरफेरॉनने यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, म्हणून आम्ही ३ ग्रॅमच्या आतच राहायला सांगतो. डोलो ६५० घेत असाल तर चार गोळ्यांचे २६०० मिलिग्रॅम होतात. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतंच, तेही या हिशेबात धरा. इंजेक्शनच्या रात्री दारू नको.

७. पॅरासिटामॉल पुरत नाही. आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन किंवा कॉम्बिफ्लॅम चालेल?

डॉक्टरांनी हो म्हटलं तर चालेल, आणि अंगदुखीच जास्त असलेल्यांना त्यांचा फायदा अधिक होतो. आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम जेवणानंतर घेतात. नॅप्रोक्सेनचा असर १२ तासांपर्यंत राहतो, त्यामुळे मध्यरात्रीच्या तापावर ते कधीकधी जास्त सोयीचं ठरतं. दोन्ही एकत्र मात्र घेऊ नका, ती एकाच जातीची औषधं आहेत. कॉम्बिफ्लॅममध्ये ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल दोन्ही असतं, हे अनेकांना माहीतच नसतं. त्याच्या जोडीला आणखी पॅरासिटामॉल घेतलंत तर बेरीज करा.

अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, वेदनाशामकाने दमा उठण्याचा इतिहास किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल, तर या गटाला हात लावू नका. नायमेसुलाइड आपल्याकडे सर्रास दिलं जातं, पण ते यकृताला इजा करू शकतं. इंटरफेरॉनसोबत ते टाळाच. पावसाळ्यातल्या तापाबद्दल प्रश्न १५ पाहा.

८. दिवसाआड इंजेक्शन, म्हणजे दिवसाआड गोळी. हे कायम चालेल?

सुरुवातीचे दोन-तीन महिने ठीक. पण दिवसाआड म्हणजे महिन्याला १५ दिवस वेदनाशामक. महिन्यातले १५ किंवा त्याहून जास्त दिवस, तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ साधी वेदनाशामकं घेतली तर त्यांच्यामुळेच डोकेदुखी जडू शकते. मग ती डोकेदुखी इंजेक्शनची समजून आणखी गोळ्या घेतल्या जातात. त्रास कमी झाला की आधी मध्यरात्रीची गोळी बंद करा, नंतर इंजेक्शनआधीची अर्ध्यावर आणा आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी अजिबात न घेता पाहा.

९. इंजेक्शन रात्री घ्यावं की सकाळी? कोणत्या वारी?

बहुतेकांना संध्याकाळी किंवा झोपण्याआधी घेतलेलं बरं पडतं, त्रासाचा मोठा भाग झोपेत निघून जातो. पण ज्यांची झोप तापाने दर वेळी मोडते आणि दुसरा दिवस वाया जातो, त्यांनी सकाळी घेऊन पाहावं. रात्रपाळीवाल्यांनी घड्याळाकडे न पाहता आपल्या झोपेकडे पाहावं. आठवड्यातून एकदाचं इंजेक्शन असेल तर शनिवारची रात्र सोयीची, रविवार हाताशी राहतो. वार किंवा वेळ बदलताना दोन डोसांमधलं कमीत कमी अंतर पाळा : रेबिफ आणि बीटाफेरॉनला ४८ तास, प्लेग्रिडीला ७ दिवस. अव्होनेक्सची दोन इंजेक्शनं दोन दिवसांच्या आत कधीच घेऊ नका.

१०. माझा त्या दिवशी उपवास असतो. गोळी रिकाम्या पोटी चालेल का?

पॅरासिटामॉल रिकाम्या पोटी चालतं. आयब्युप्रोफेन आणि नॅप्रोक्सेन चालत नाही, जठराला जखम होऊ शकते. खिचडी, दही किंवा दूध पोटात असेल तर अडचण नाही. निर्जळी उपवास आणि इंजेक्शन मात्र एका दिवशी नको. तापाने आणि घामाने पाणी जातं, डोकेदुखी वाढते आणि चक्कर येते. आठवड्याच्या इंजेक्शनचा वार एकदाच बदलून घेतला की हा प्रश्न कायमचा सुटतो. रमजानमध्ये इफ्तारनंतर जेवून गोळी आणि मग इंजेक्शन हा क्रम जमतो.

११. ताप चढला की पाय उचलत नाहीत, डोळ्यांपुढे धूसर होतं. हा एमएसचा नवा झटका आहे का?

बहुधा नाही. भीती मात्र खरी वाटते, कारण लक्षणं हुबेहूब जुन्या झटक्यासारखी असतात. ज्या मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजलंय, त्यांतून संदेश आधीच कसाबसा जात असतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी तो अडखळतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून याला उथॉफची घटना म्हणतात. ताप उतरला की ताकद आणि नजर परत पहिल्यासारखी होते, नवीन इजा होत नाही. इंटरफेरॉनच्या सुरुवातीला पायांचा ताठरपणाही तात्पुरता वाढू शकतो. त्यासाठी बॅक्लोफेनचा, म्हणजे ताठरपणा कमी करणाऱ्या गोळीचा, डोस मनाने वाढवू नका, त्याने पाय आणखी लुळे पडतात आणि गुंगी येते.

ताप पूर्ण उतरल्यावरही लक्षणं २४ तासांहून अधिक राहिली, किंवा पूर्वी कधीच नव्हतं असं काही नवीन दिसलं, तर न्यूरॉलॉजिस्टना कळवा.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा : पडण्याचा सर्वांत मोठा धोका या रात्री असतो. ताप, अंधार आणि लघवीची घाई एकत्र आली की तोल जातो. बाथरूमपर्यंत मंद दिवा लावून ठेवा, काठी पलंगाला टेकवून ठेवा, वाटेतलं पायपुसणं काढा. एकटं उठवत नसेल तर हाक मारण्यात कसलाच कमीपणा नाही.

१२. थंडी वाजत असताना गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या का?

हुडहुडी भरलेली असताना नको. शरीर तेव्हा तापमान वाढवायच्या मागे असतं, गार पाणी लावलं की ते आणखी थरथरून उष्णता तयार करतं. थंडी वाजेल तितका वेळ पांघरूण घ्या. अंग तापून थंडी थांबली की पांघरूण काढा, पंखा लावा, कोमट पाण्याने अंग पुसा. लघवीच्या त्रासामुळे पाणी कमी पिण्याची सवय अनेक एमएस रुग्णांना असते. इंजेक्शनच्या दिवशी ते महागात पडतं, म्हणून दुपारपासूनच थोडं थोडं पाणी, ताक किंवा लिंबू सरबत घेत राहा.

१३. इंजेक्शन थंडगार असल्यामुळे थंडी वाजते का?

नाही. थंड औषधाने टोचल्या जागी जळजळ जास्त होते, ताप-थंडीशी त्याचा संबंध नाही. तरी फ्रीजमधून काढून साधारण अर्धा तास बाहेर ठेवा. गरम पाण्यात बुडवू नका, उन्हात ठेवू नका. फ्रीजमध्ये ठेवायचं औषध असेल तर ते २ ते ८ अंश सेल्सिअसला, बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवायचं. गोठलेलं औषध वितळलं तरी ते निरुपयोगीच. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दिवसभर वीज गेली, तर तुमच्या ब्रँडचं औषध बाहेर किती तापमानाला किती दिवस टिकतं ते पेटीतल्या पत्रकात पाहा. ही मुदत प्रत्येकाची वेगळी आहे.

१४. आजी म्हणते गुळवेलीचा काढा घे, ताप येणार नाही. घेऊ का?

गुळवेल नको. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि त्यांच्यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटल्याची चिन्हं होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला होता. पण एमएस हाही प्रतिकारशक्ती उलटल्याचाच आजार आहे आणि इंटरफेरॉनचा यकृतावर आधीच भार असतो. अशा शरीरात हा धोका पत्करण्याजोगा नाही. आल्याचा चहा, हळदीचं दूध, मऊ भात, पेज हे खुशाल घ्या. आजींची माया त्यातूनही पोचते.

यकृताची आणि रक्तपेशींची तपासणी पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी करा.

१५. पावसाळ्यात ताप आला तर तो इंजेक्शनचा की डेंग्यूचा, कसं ओळखायचं?

वहीतल्या घड्याळावरून. इंजेक्शनचा ताप ठरल्या वेळी येतो आणि २४ तासांत जातो. इंजेक्शन न घेतलेल्या दिवशी आलेला, २४ तासांपलीकडे टिकलेला, उतरून दुसऱ्या दिवशी परत चढलेला, किंवा नेहमी १०० वर थांबणारा ताप १०२ च्या वर गेला, तर तो इंजेक्शनच्या नावावर लिहू नका. तापासोबत खोकला, जुलाब, लघवीला जळजळ, डोळ्यांमागे दुखणं किंवा अंगावर पुरळ असेल तरीही नाही. एमएसमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होतो आणि कित्येकदा जळजळ न होता नुसता ताप आणि पायांची ताकद जाणं एवढंच दिसतं. म्हणून लघवीची तपासणी विसरू नका.

जून ते ऑक्टोबर आपल्याकडे डेंग्यू आणि मलेरियाचा हंगाम. साचलेल्या पाण्यातून चालून आला असाल तर लेप्टोस्पायरोसिसही डोक्यात ठेवा आणि ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. डेंग्यूची शंका असेपर्यंत आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन बंद, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. फक्त पॅरासिटामॉल घ्या.

इंटरफेरॉनने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स थोड्या कमी होतात. त्यामुळे तुमचा रिपोर्ट पाहून नवीन डॉक्टर गोंधळू शकतात, आणि उलट, खरी घसरण ‘औषधामुळे असेल’ म्हणून दुर्लक्षितही होऊ शकते. आपला शेवटचा बरा रिपोर्ट मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, तुलना त्याच्याशी व्हायला हवी. पुढचं इंजेक्शन घेण्याआधी न्यूरॉलॉजिस्टना फोन करा.

१६. मला ताप येतच नाही. औषध लागू पडत नाही का?

तसं काही नाही. तापाचा आणि औषधाच्या परिणामाचा तसा मेळ बसत नाही. औषध काम करतंय का, हे झटके, तपासणी आणि एमआरआयवरून ठरतं.

१७. वर्षभर त्रास नव्हता, आता अचानक परत का सुरू झाला?

आधी खंड पडला होता का ते आठवा. चार-सहा आठवडे औषध बंद राहिलं तर शरीराची सवय मोडते. अशा वेळी थेट पूर्ण डोस घेण्याऐवजी प्रश्न ५ मधल्या पायऱ्या पुन्हा चढाव्यात का, ते डॉक्टरांना विचारा. दुसरं कारण म्हणजे ब्रँड किंवा डोस बदलणं. तिसरं, इंजेक्शनआधीची गोळी हळूहळू विसरली जाणं. यांतलं काहीच नसेल तर प्रश्न १५ आणि १९ वाचा.

१८. फ्लूची लस घ्यायची आहे. गरोदरपणाचाही विचार आहे. काय सांभाळायचं?

इंटरफेरॉनवर असताना फ्लूची निष्क्रिय लस घेता येते. लस आणि इंजेक्शन एका दिवशी नको, दोन्हींचा ताप एकत्र आला तर कोणता कशाचा ते कळत नाही. मध्ये एक-दोन दिवस ठेवा.

गरोदरपणात गरज असल्यास इंटरफेरॉन बीटा चालू ठेवता येतं, असा बदल युरोपच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये माहितीपत्रकात केला. स्तनपानातही चालतं. निर्णय मात्र न्यूरॉलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी मिळून घ्यायचा. तापासाठी पॅरासिटामॉलच, लागेल तेवढंच. आयब्युप्रोफेनचा गट २० आठवड्यांनंतर टाळायचा असतो, आणि मूल हवं असताना आधीपासूनच टाळलेला बरा.

१९. लगेच दवाखाना कधी गाठायचा?

श्वास लागणं, तोंड किंवा घसा सुजणं, अंगभर गांधी, आकडी (फिट) येणं किंवा शुद्ध हरपणं : १०८. डोळे किंवा लघवी पिवळी होणं, सतत उलट्या : त्याच दिवशी. ताप आणि अशक्तपणासोबत अंगावर आपोआप निळे डाग, लघवी कमी होणं, रक्तदाब अचानक वाढणं असं एकत्र दिसलं तर तेही त्याच दिवशी. इंटरफेरॉनने लहान रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा एक दुर्मीळ पण गंभीर विकार होऊ शकतो, आणि तो औषध सुरू करून काही वर्षं झाल्यावरही उद्भवू शकतो.

मन सतत उदास राहणं, जगण्यात रस न वाटणं हाही या औषधाचा दुष्परिणाम असू शकतो. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर एकटं राहू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. घरच्यांना आणि न्यूरॉलॉजिस्टना त्याच दिवशी सांगा.

२०. सगळं करून पाहिलं, तीन महिने झाले, तरी सहन होत नाही. आता?

तर बदल मागा. तो तुमचा हक्क आहे. आधी वही दाखवा. काही वेळा गोळीची वेळ किंवा चढता डोस नीट पाळलेला नसतो आणि तेवढ्याने काम होतं. नाहीतर दर दोन आठवड्यांच्या प्लेग्रिडीवर गेल्यास ताप पूर्ण जात नाही, पण महिन्याला दोनदाच येतो. ग्लॅटिरामर, गोळ्या किंवा इतर इंजेक्शनं हे पर्याय आहेत, प्रत्येकाचे धोके वेगळे. काही ठिकाणी सुरुवातीच्या काळापुरती कमी डोसाची प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी देतात. ती केवळ डॉक्टरांच्या हातची गोष्ट, घरातली जुनी पट्टी काढून घ्यायची नाही. फक्त एक करू नका : डॉक्टरांना न सांगता इंजेक्शनं गाळायची आणि भेटीत ‘चालू आहे’ म्हणायचं. मग पुढचा एमआरआय बिघडलेला दिसला तर औषध निकामी ठरलं असा चुकीचा निष्कर्ष निघतो आणि गरज नसताना जास्त धोक्याचं औषध सुरू होतं.